उजेडाकडे धरून

तिसऱ्यांदा हेड गॅस्केट गेलं
तेव्हा ब्लॉकच उतरवला,
पडवीत, जुन्या सतरंजीवर.
मिरजेच्या उन्हात चार बोअर आ वासून.

आधी पोरीच्या दप्तरातली स्टीलची पट्टी लावली.
तीच वाकडी.
मग शोकेसची काच. पुसली, ठेवली,
नुसता माझा चेहरा दिसला.

सांगलीच्या दुकानात स्ट्रेट एज होती,
मखमलीत, हात लावू नका अशी.
किंमत ऐकून फीलर गेज तेवढं घेतलं,
तेरा पात्यांचं.
आता पाती आहेत,
ती घालू कशाखाली?

शेजारी दस्तगीरचाचा
तंबोऱ्याची घोडी घासत होते.
कपाटातून पोलादी पट्टी काढून दिली, वडिलांची.
"आधी हिलाच बघ, उजेडाकडे धरून."

ब्लॉकवर तिरकी ठेवली.
दुसऱ्या-तिसऱ्या बोअरमध्ये पाचाचं पातं शिरलं.
दहाचंही.
हळूहळू, अंग चोरत, पण शिरलं.

"घोडीला जरासा उतार लागतो," चाचा म्हणाले,
"तेव्हा तार बोलते.
तुझ्याकडं फट बोलली की खर्च."

संध्याकाळी पट्टी तेलाच्या फडक्यात गुंडाळून परत दिली.
त्यांनी ती उलगडली,
एक डोळा मिटून
पुन्हा उजेडाकडे धरली.

मला राग आला नाही.