दोन किलो

बाहेरचे लोक त्याला व्हिक्टोरिया म्हणतात, आम्ही लोल्वे.
त्या पाण्याच्या काठी, पत्र्याच्या छपराखाली
एक काटा टांगलेला आहे,
घड्याळासारख्या गोल तोंडाचा.
घड्याळापेक्षा त्याच्याच तोंडाकडे आम्ही जास्त बघतो.

काटा दोन किलो खायचा.
दर खोक्यामागे दोन.
हे शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं.
ओमेना वाळत घालणाऱ्या बायका जाळ्यावर वाकून
हळूच म्हणायच्या, आज मेल्याला भूक जास्त दिसते.
रात्री होडीत, कंदिलाच्या उजेडात,
आम्ही छातीठोकपणे बोलायचो:
उद्या त्या ओबोन्योला सरळच विचारतो,
उद्या काट्याचं थोबाडच फोडतो.
पहाटे खोकं त्याच्यासमोर ठेवलं
की माशाचा काटा अडकावा तसं
काहीतरी घशात आडवं व्हायचं
आणि आम्ही म्हणायचो,
बरोबर आहे साहेब, लिहा.

लिहायची आवुओर.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली,
मुलाची बोंडोच्या शाळेतली फी थकलेली,
नोकरी ओबोन्योच्या शब्दावर.
अक्षर मात्र असं सुरेख
की खोटे आकडेही त्यात
आंघोळ करून बसल्यासारखे दिसायचे.

मंगळवार होता. किंवा बुधवार.
आता जो तो आपापला वार सांगतो.
तिने पिशवीतून मक्याच्या पिठाचा पुडा काढला.
दुकानातला, सीलबंद,
वर ठळक छापलेलं: दोन किलो.
तसलाच पुडा आमच्या प्रत्येकाच्या चुलीशेजारी असतो.
तो तिने काट्याच्या पारड्यात ठेवला.

काटा हलला नाही.
शून्यावर चिकटून राहिला,
जसा काही पारड्यात वारा ठेवला होता.

कोणी ओरडलं नाही.
मासळीच्या घाणीत उभे असलेले मराबू
तसेच उभे राहिले, टकली डोकी खांद्यात घालून.
ओबोन्योने पुड्याकडे पाहिलं,
मग तिच्याकडे, मग आमच्याकडे,
आणि आम्ही कुठे पाहिलं
ते मी सांगणार नाही.

ती म्हणाली, रात्री उगाली करायचीय,
म्हटलं पुडा भरलेला आहे ना, बघावं.
आवाज कापत होता. हातही.
घसरलेला चष्मा तिने दोनदा वर ढकलला.
शूर माणूस असा दिसतो
हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.
आम्ही रुंद छातीचा कोणीतरी शोधत होतो.

ओबोन्यो हसला. पीठच हलकं निघालं, म्हणाला.
त्याच्याबरोबर दोघं हसले.
त्यातला एक मी.

त्या दिवशीची मासळी
जुन्याच काट्यावर, जुन्याच हिशोबाने गेली.
ती लिहीत होती.
फक्त प्रत्येक आकड्यापुढे
तिने एक बारीक टिंब दिलं,
माशीच्या डोळ्याएवढं.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही
अशी मी मनाशी पैज लावली होती.
ती आली.
सहाला पाच कमी असताना, त्याच पायवाटेने.
पुडा पुन्हा टेबलावर, पण आता उघडलेला,
तोंडाला दोरा बांधलेला, निम्म्यावर आलेला.
पुराव्यातलीच उगाली
रात्री दोन जिवांनी खाल्ली होती.
ते पाहून ओबोन्यो पुन्हा हसणार,
एवढ्यात म्हातारी डोर्का जाळ्यापासून उठली,
कमरेला हात देत, वाटेत एकदा थांबत,
आणि आपल्या घरचा नवा कोरा पुडा
त्या पुड्याशेजारी ठेवून
परत ओमेना पसरायला गेली.
एक शब्द नाही.

आज तिसरा दिवस.
मी रांगेत उभा आहे.
खोकं पायाशी, पुडा काखेत.
बायकोने सकाळी विचारलं, पीठ कुठे चाललं?
मी म्हटलं, आणतो परत.
आणेन का, माहीत नाही.
ऊन चढलंय, तरी अंगावर काटा आहे.
माझ्यापुढे अजून तीन माणसं.
त्यांच्या काखेत काही नाही.
घामाने कागद ओला झालाय
आणि छापलेल्या आकड्याचा निळा रंग
तळहाताला लागलाय.
आवुओरने वर पाहिलं.
आता दोन माणसं.