प्रश्न सातवा

एका नळातून मिनिटाला आठ लिटर पाणी येते.
चारशे लिटरची टाकी किती वेळात भरेल?
उत्तरसूचीत : पन्नास मिनिटे. गुण दोन.

देवकी थविल, पाचवी, हजेरी क्रमांक अकरा,
पेन्सिलीनं लिहिते :
सकाळ जाते. कधी कधी दुपार.

मी लाल पेनानं शून्य काढला.
गोल चांगला आला, वीस वर्षांची सवय.
मग पुढचा पेपर ओढला
आणि तो वाचताच येईना.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले तिच्यामागं
पाड्याखालच्या झिऱ्यावर.
कातळात हात जाईल एवढीच फट.
वाटी बुडवायची, थांबायचं,
पुन्हा वाटी.
किती वेळ लागतो गं?
वेळ नाय मोजत बाई, वाट्या मोजते.
नव्वद वाट्यांचा हंडा. घरी चार हंडे.
तीनशे साठ.
माझ्यापुढं दोघी असल्या तं एक हजार ऐंशी.
पन कोनी गरवार राहिली
तं तिला आधी भरू देतात.
मग हिशोब वेगळा.

बोट नाही मोडलं तिनं.
मीच मागं वळून
तळहातावर गुणाकार करून पाहिला.

नाशकात, त्र्यंबक रोडच्या प्रशिक्षणात,
चहा झाल्यावर म्हणाले,
आपापल्या भागातले प्रश्न सुचवा.
मी झिरा लिहून दिला.
साहेबांनी चष्मा कपाळावर सारला :
मॅडम, हे फार स्थानिक होतं.
सगळ्या मुलांना नाही कळायचं.
म्हटलं, नळही स्थानिकच आहे, साहेब.

मागं कुणीतरी हसलं,
बहुतेक सुरगाण्याचे कुवर गुरुजी.
इतिवृत्तात ते आलं नाही.
बेसिनचा नळ मात्र कुणी नीट बंद केला नव्हता,
जेवणाच्या सुट्टीभर ऐकू येत होता.

पेठच्या गाडीत खिडकीची काच वर सरकेना.
पोर्टल शुक्रवारीच बंद झालेलं.
देवकीचा शून्य आत,
नावापुढं 'अप्रगत',
आणि शेऱ्याच्या रकान्यात
वीसच अक्षरं मावतात.

घरी येऊन माझ्याच टाचणवहीत लिहिलं :
हजेरी क्रमांक अकरा. एक हजार ऐंशी.
खाली थोडी जागा सोडली,
आणि मग :
गरवार बाई असेल तर वेगळं.
याला किती गुण द्यायचे
ते अजून ठरत नाही.