नोव्हेंबरची रजा

रजांच्या तक्त्यात ऑगस्ट गेला लेकुरवाळ्यांना,
सप्टेंबर गेला हेडनर्सच्या मर्जीतल्यांना.
उरला नोव्हेंबर,
पंगत उठल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहतो तेवढा.
तो मी घेतला आणि ग्रासिएतनं घेतला.
पंधरा वर्षं रात्रपाळी, समोरासमोरचे वॉर्ड;
दिवसाउजेडी एकमेकींना पाहिलेलं फार थोडं.

नकाशा पसरला औषधांच्या ट्रॉलीवर.
समुद्र नको, ती म्हणाली, सेतूबालला तो रोजचाच आहे.
किल्ला नको, किल्ला आला की पायऱ्या आल्या.
कॅलेंडरवर फोटो असतो ते गाव नको,
आणि घंटा वाजवून बोलावता येईल
इतक्या जवळचं तर नकोच नको.
असं खोडत खोडत आलेंतेझुच्या पोटात
एक ठिपका राहिला, माशीनं केल्यासारखा:
वाल द मुर्ता.

फोन लावला. पलीकडे बाई म्हणाली,
"आत्ता? आत्ता इथं काही नसतं."
काय काय नसतं? मी विचारलं.
ती मोजू लागली:
पोहायचा तलाव झाकलेला, सायकली कुलपात,
खानावळ फक्त गुरुवारी,
पाचनंतर रस्त्यावर नुसता धूर.
ग्रासिएत रिसीव्हरला कान लावून होती.
"धूर कसला?"
"चुलींचा. ओकच्या लाकडाचा."
तिथंच ठरलं.

बस आम्हाला उतरवून गेली
आणि जाताना आवाज घेऊन गेली.
दोन्ही अंगांनी बुचाची झाडं,
कमरेपासून खाली सोललेली, लालसर,
प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या रंगात एक आकडा:
कोणत्या साली साल काढली, त्याचा शेवटचा अंक.
नऊ वर्षं पुन्हा हात लावायचा नाही म्हणे.
ग्रासिएत एका आठाजवळ थांबली,
बोटांवर काहीतरी मोजलं,
काय ते सांगितलं नाही.

फेलिज्मिना दारातच, हातात शेवंतीच्या दोन जुड्या.
"उद्या मृतांचा दिवस. नोव्हेंबरात इथं येतं कोण?
ज्यांचं माणूस इथं पुरलंय, तेच.
तुमचं कोण?"
कुणीच नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं,
तर तिनं त्यात भाजलेला चेस्टनट ठेवला.

सकाळी सगळं गाव चढावर,
बादल्या, ब्रश, मेणबत्त्या घेऊन.
आम्ही फुलं घेऊन, आणि ती न केलेली दुरुस्ती घेऊन.
शेवटच्या ओळीत सुरूच्या मुळाशी
एक दगड उपाशी होता.
इदालिना. पुढचं नाव शेवाळानं खाल्लेलं.
ग्रासिएतनं बाह्या वर केल्या.
कपाळापासून खाली पुसला तिनं तो दगड,
कानामागे, मानेखाली,
जसं आम्ही पुसतो
नातेवाइकांना आत बोलवायच्या आधी.
माझे हात कुठं ठेवावेत मला कळेना.
मग मी पाणी ओतलं.

झुल्मिरु नावाचा म्हातारा टोपी काढून उभा राहिला.
"उशीर केलात," म्हणाला. रागानं नाही.
"पण आलात."
त्यानंतर कॉफीचे पैसे कुणी घेईना.
बाटलीभर नवं ऑलिव्ह तेल दाराशी कुणीतरी ठेवून गेलं.
इदालिना कोण, ते आम्ही विचारलं नाही.
विचारलं असतं, तर आधी आम्ही कोण ते सांगावं लागलं असतं.

आणि आम्ही रात्री झोपलो. रात्री!
दोन वाजता मात्र दोघीही जाग्या, फेरीची वेळ.
कुणी कण्हत नव्हतं.
लांब मेंढरांच्या गळ्यात घंटा होत्या,
वाजत होत्या,
पण कुणाला बोलवत नव्हत्या.

यंदा तक्ता लागला मार्चमध्ये.
ग्रासिएतनं नोव्हेंबरसमोर दोन नावं लिहिली,
पेनानं, घाईघाईत,
जणू कुणी हिसकावूनच घेणार होतं तो.