जागलीची पाळी

आज माझी पाळी वासुदेव कुडमेथेच्या वावरात.
अकरा वर्षांत हा धुरा ओलांडला नव्हता.
दोन वीत जमीन कुणाची, एवढ्यावरून
त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका
मी उंबऱ्यावरच पडू दिली होती.

तेव्हाची रात्र सोपी होती.
मी डबा बडवायचा, डुकरं त्याच्या गव्हात.
तो ओरडायचा, डुकरं माझ्या हरभऱ्यात.
उजाडेपर्यंत तोच एक कळप
आम्ही एकमेकांच्या अंगावर घालत राहायचो
आणि दमलो की तो शिरायचा पार्बताबाईच्या दीड एकरात.
तिथं ओरडायला कुणी नव्हतं.

मग कुंपणाच्या तारेत वीज सोडली कुणीतरी.
सकाळी तारेला डुक्कर नव्हतं,
पार्बताबाईची गाय होती. गाभण.
कुणीतरी म्हणजे मी.

पैसे घेऊन गेलो तर ती शेण थापत होती.
वर न बघता म्हणाली,
"पैसे नोको. माह्या वावरात जागलीले येजो.
एक रात तू, एक रात वासुदेव."

यादी अशी सुरू झाली.
आता चक्कीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली असते:
एकोणीस वावरं, पाच मचाणं,
आणि कुणी कुणाच्या वावरात बसायचं ते.
स्वतःच्या वावरात कुणीच नाही, ही पार्बताबाईची अट.
जंगलाच्या कडेनं सगळ्यांनी मिळून करडई पेरली,
तिचे काटे कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नाहीत.
नाल्याकाठची पट्टी पडीक ठेवली.
रोह्यानंही कुठंतरी चरायला पायजे.

अडीच वाजता सुकं पान वाजलं.
मी बॅटरी मारली, हाळी दिली.
पलीकडून गुणवंतानं उचलली, त्याच्याकडून किसनाबाईच्या नातवानं,
आवाज मचाणावरून मचाणावर गेला
आणि कळप पहिल्यांदा कुणाच्या वावरात न वळता
सरळ रानात गेला.
हरभऱ्याचं एक तास गेलंच. जाऊ दे.

मचाणाच्या खुंटीला वासुदेवानं फडक्यात
भाकर बांधून ठेवलीय, वर मिरचीचा ठेचा.
सांगितलं नव्हतं त्यानं. मीही विचारणार नाही.

इथून माझं वावर पहिल्यांदाच बघतोय.
तूर त्याची कुठं संपते, माझी कुठं लागते,
ती दोन वीत कुठं आहे,
अंधारात काही कळत नाही.

उजाडल्यावर कळेल.
तोवर भाकर खातो.