शेरा

पाणीपुरवठ्यातून माझी बदली इथं झाली.
व्हॉल्व्हची चावी जमा करून घेतली
आणि ही दिली, एका माणसाच्या संग्रहालयाची.
जुना जकात नाका, वर पत्रे, खाली शहाबादी,
आत अब्बास मणियार यांची एकोणचाळीस चित्रं,
एक चष्मा, दोन कुंचले
आणि एक पंखा, जो त्यांचा नाही.

कुंडलिकेच्या अलीकडचे विचारतात, कोण हे?
पलीकडचे म्हणतात, आमच्याच गल्लीतला, त्याचं काय बघायचं?
उन्हाळ्यात दोघंही येतात, पंख्याखाली बसतात.

चित्रांत गोल आहेत.
नुसते गोल. हिरवे, जांभळे, काळपट,
एकात एक, एकावर एक,
काही तर चौकटीतून घरंगळतील असे.
पाटी म्हणते: शून्य, अवकाश, अनंत.
दोन वर्षं मी हेच म्हणून दाखवायचो
शाळेच्या पोरांना. पोरं म्हणायची, सर, टायर.
मला पाइपांची तोंडं दिसायची,
आठव्या दिवशी पाण्याआधी हवा सोडणारी.

मग एका बुधवारी गयाबाई आल्या,
दवाखान्यातून, काखेत एक्स-रेचं पाकीट,
रिक्षा मिळेपर्यंत सावलीला म्हणून.
हिरव्या गोलासमोर थांबल्या.
चार बोटं अंगठ्याशी जुळवून
मोकळ्या मनगटाचा हात पुढं केला
आणि म्हणाल्या, सव्वादोन.
पुढच्यापाशी, अडीच.
कोपऱ्यातल्या बारक्याला, ही बारशाची.
"ह्याचा बाप यायचा की दारात टोपली घेऊन.
बाप हात दाबायचा,
हे पोरगं मागं उभं राहून
नुसतं बघायचं."

शेवटच्या चित्रात गोल मिटत नाही.
बोटभर जागा कोरी.
पाटीवर आहे, अपूर्ण.
मीही तेच सांगितलं.
"कोणी लिहिलं हे?
फुटली म्हणू नये, बाबा.
वाढली म्हणावं."

रिक्षा आली. एक्स-रे बाकावरच राहिला,
चौकापर्यंत पळत जाऊन दिला.

पाटी लॅमिनेशनची, तिला हात लावता येत नाही.
साठा नोंदवहीत मात्र, क्रमांक एकोणचाळीस,
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: वाढली.

मार्चात ऑडिट झालं.
लाल शाईत विचारलंय:
नोंदीप्रमाणे चित्रे एकोणचाळीस,
प्रत्यक्षात एकोणचाळीस.
वाढली ती कोणती? कुठे ठेवली?
खुलासा सात दिवसांत.

आज नववा दिवस आहे.