रेडा नाही

आधीच सांगतो : मला रेडा नाही.
फास नाही, मिशा नाहीत.
एकाहत्तरच्या डिसेंबरात मी बोडीटोल्याला आलो
तो डोमाजी शेंडेच्या सायकलच्या कॅरिअरवर,
खाकी पिशवीत, घडी घातलेल्या तारेत.
चेन दोनदा पडली.
दोन्ही वेळा डोमाजीनं चेनला शिवी घातली,
मग पिशवीकडं बघून जीभ चावली.

खरं काम आठ दिवसांमागंच आटोपलं होतं,
लांब पूर्वेला, धान कापून नेलेल्या एका बांधीत.
बांधी इथल्यासारखीच,
तसेच खुंट, तसाच भेगाळलेला चिखल.
रेवाराम कुशीवर पडला होता.
त्यानं मला पाहिलं आणि विचारलं,
"रेडा कुठी हाये?"

कारण तीन वर्षांमागं, मंडईच्या रात्री, दंडारीत
तोच मी झाला होता.
तोंडाला काजळी, अंगावर आईचं लाल लुगडं,
सुपाला शिंगं बांधून केलेला रेडा.
मी त्या गावात एका म्हाताऱ्यासाठी गेलो होतो,
पण बघत थांबलो.
सावित्रीसमोर तो बोलणं विसरला,
डोकं खाजवलं, नि म्हणाला,
"जाय बाई, घेऊन जाय तुया नवरा,
मले शेकोटीले बसाचं हाये."
माणसं हसून लोळली.
म्हातारा सकाळपर्यंत जगला,
ते माझ्या उशिरामुळं.
इतकं सोपं असतं, हे मला त्या रात्री कळलं.
पुढं कधी उपयोगी पडलं नाही.

भुराबाई ओसरीत विड्या वळत होती.
मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता, जर्दा,
पंचवीसचा कट्टा.
डोमाजी उतरला. सायकल स्टँडवर लागेना.
"पत्र हाये का गा?"
"नाई. असाच. इकून चाललो होतो."
इकून कोणी कुठं जात नाही.
तिच्या दारापुढं नुसता तलाव आहे.

तिनं पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही.
विडी दिली, घेतली नाही.
पिशवीच्या फटीतून मी बघत होतो :
तिचा अंगठा पानावर थांबला,
अर्धी वळलेली विडी,
मग ती पुरी वळून झाली,
दोरा बसला, तोंड दुमडलं.
तिनं ती छाटीत टाकली.

"आलाच हायेस तं एक कार्ड लिवून दे.
रेवारामले."

डोमाजीनं पेन झटकलं.
"लिव : लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला.
कपाळावर चांदणी हाये.
चुरणा झाला. कारखानदारानं हजारामागं
चार आने कापले, पानं खराब म्हन्ते.
हिकडं थंडी हाये. तुह्याकडं असन.
लुगड्याची काजळी गेली नाई.
मी बी जास्त घासलं नाई."
इथं पेन अडलं.
"लिव ना गा. शाई सरली का?"
"नाई."
"मंग लिव. पत्ता तुले मालूम हाये."

त्यानं पत्ता लिहिला, पलटणीचा, आकड्यांचा,
आणि निघताना ओसरीच्या खांबाला धडकला.

तार आणखी तीन दिवस पिशवीत राहिली,
म्हणजे मीही राहिलो,
मनिऑर्डरी आणि एका लग्नपत्रिकेच्या मध्ये दबून.
चौथ्या दिवशी त्यानं ती वाचली.
ती रडली, अगदी आत्ताच ऐकल्यासारखी.
डोमाजीला वाटलं, आपण तीन दिवस दिले.
तिनं त्याला तसं वाटू दिलं.

कार्ड मात्र गेलं.
छावणीत गेलं, इस्पितळात गेलं,
शिक्क्यांवर शिक्के खात एका टेबलावर पडून राहिलं,
आणि एका दुपारी, जिथं सगळंच येतं तिथं,
माझ्याकडं आलं.
मला आजवर आलेलं हे एकच कार्ड.
दुसऱ्याच्या नावाचं, पण इतरांची तेवढीही येत नाहीत.

मी ते पुष्कळदा वाचलंय.
चांदणीचा ठिपका डोमाजीनं कोपऱ्यात काढूनही दाखवलाय,
जरा वाकडा.
गोऱ्ह्याचं पुढं काय झालं
ते पाहायला मी मुद्दाम गेलो नाही.