अडखळते की कचरते

तांबोळी मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही.
स्टुलावर बसून म्हणाले, शब्द नीट सांग.
अडखळते? चाचरते? कचरते? का दम सोडते?
मी म्हणालो, तेच ते, चढाला ओढत नाही.
तेच ते नसतं, म्हणाले, आणि चहा मागवला.

गंगाधामच्या मागे, फरशीवाल्यांच्या रांगेत
हे गॅरेज. माझी दोनशे सात, एमएच बारा,
सव्वीस वर्षांची, डाव्या दाराला सुतळी.
भवानी पेठेतून प्लायवूड भरतो,
बारा एमएमच्या पन्नास शीट,
आणि खडी मशीन चौकाच्या चढाला,
त्या वाकलेल्या विजेच्या खांबापाशी,
पाय पत्र्यापर्यंत दाबलेला असताना
कुणाचं तरी नाव आठवत असल्यासारखी
गाडी रेंगाळते. रोज.
मागे रिक्षा, पीएमटी, शिव्या.

नाना पेठेतून फिल्टर आणून बदलला. नोझल धुऊन घेतले.
हडपसरचा एक पोरगा म्हणाला, पंपच खोलावा लागेल,
अठरा हजार.
बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.

गचके खात असेल, मिस्त्री म्हणाले, तर लायनीत हवा.
काळा धूर ओकत असेल, तर खाल्लेलं जळत नाही, वाऱ्याची तंगी.
आणि धूर नाही, गचका नाही,
नुसती हळूहळू लहान होत जात असेल,
तर ती उपाशी आहे.
मी डोळे मिटले. चढ आठवला.
आधी कचरते, म्हणालो. मग लहान होते. धूर नसतो.
डोळे उघडले तर मिस्त्री माझ्या ओठांकडे पाहत होते.
तेव्हा कुठे कळलं,
पान्याचं टोक कानाला लावून चाळीस वर्षं
इंजिनाच्या पोटातलं ऐकणारा हा माणूस
आता विचारतो.

डिझेलची बाटली बॉनेटच्या कडीला टांगली,
सलाइनसारखी, नळी थेट फीड पंपाला.
शेजारच्या फरश्या भरायला लावल्या,
म्हणाले, अशीच चढवून आण.
चढली.
म्हणजे पंप निर्दोष. अठरा हजार निर्दोष.
दुखणं टाकी ते पंप, त्या आठ फुटांत.

टाकीचं झाकण फिरवलं, फुस्स आलं नाही, श्वास मोकळा.
जाळी काढली, स्वच्छ, एक मेलेली माशी सोडून.
नळी काळी, जाड, धड.
नळी चांगली आहे, मी म्हणालो.
ते काही बोलले नाहीत, ऐकलंही नसेल.
पोतं अंथरून गाडीखाली सरकले,
नातू रेहान केबिनमध्ये, पाय जेमतेम पोचणारा.
खालून एक हात आला, माझं मनगट धरून आत ओढलं,
माझी दोन बोटं नळीवर ठेवली.
आयडलला गोल.
रेस दिली की बोटांखाली ती चपटी व्हायची,
चोखून संपलेल्या पेप्सीकोल्यासारखी.

ब्लेडने उभी चिरली. आतलं अस्तर सुटलेलं,
जिभेएवढी एक पापडी लोंबत होती.
गाडी हळू प्यायची तेव्हा ती पडून राहायची,
ओढून प्यायली की उठून घसा बंद.
नवी नळी दोनशे दहा रुपये. दोन क्लिपा.
मजुरी किती, विचारलं.
तोंड इकडे कर, म्हणाले, दिसत नाही बोललेलं.
मग पाचशे घेतले.

दुसऱ्या दिवशी पन्नास शीट.
खांब आला आणि मी, काही झालेलं नसताना,
दुसरा गिअर टाकून बसलो.
परत तिसरा घातला. ओढत गेली.
मागच्याने हॉर्नसुद्धा दिला नाही.

वर पोचून फोन लावला. रेहानने उचलला.
आजोबांना फोनवर ऐकू येत नाही, काय सांगू?
मी शब्द शोधत राहिलो.
अडखळत नाही, चाचरत नाही, कचरत नाही,
हे सगळे नाहीच्या बाजूचे.
सांग, तिसऱ्यावर चढली.
मग तो ओरडून सांगताना ऐकला,
दोनदा.